मोहनाच्या टेबलावरचा हेडफोन

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. माझ्या कानावरच्या गाद्यांचे काळे पापुद्रे निघतात, वायरीला एके ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि माझा माईक जरा वाकडा झाला आहे, हे मलाही माहीत आहे. मी एक जुना हेडफोन आहे. माझा मुक्काम बडोद्याला, सुभानपुऱ्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तेथून मी एका कंपनीच्या ऑफिसात आलो. दिवसभर चिडलेले ग्राहक माझ्यातून ओरडत आणि दमलेली तरुण मुले त्यांची क्षमा मागत. पुढे त्या ऑफिसाने बिनवायरीचे नवे हेडफोन घेतले आणि आम्हा जुन्यांना खोक्यात टाकले. खोक्यात आवाज नव्हता, माणसे नव्हती, नुसती धूळ होती. तिथे नोकरी करणाऱ्या कुणालने एकदा साहेबांना विचारून मला उचलले, घरी आणले आणि बायकोच्या हातात ठेवले.

"मोहना, हा तुझ्या नव्या कामाला. जुना आहे, पण आवाज खणखणीत आहे."

मोहनाचे काम नवेच होते. नाशिकला मालविका नावाच्या बाई मातीची भांडी घडवायला शिकवत. त्यांचे फोन घ्यायचे, शिकायला येणाऱ्यांचे दिवस ठरवायचे, मेलला उत्तरे द्यायची, हे सगळे मोहना बडोद्यात घरी बसून करणार होती. अशा कामाला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, असे तिने सासऱ्यांना समजावून सांगितले. वामनराव रिफायनरीतून निवृत्त झालेले. त्यांना ऐकू कमी येई, आणि जे ऐकू येई ते पटेच असे नाही. कोणी विचारले की ते म्हणत, "सून घरातच असते. कॉम्प्युटरवर काहीतरी करत बसते."

रोज सकाळी कुणाल गेला की मोहना चांगला कुडता घालून, वेणी बांधून हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसे आणि मला डोक्यावर चढवी. पहिल्या दिवशी तिचा श्वास माझ्या माईकवर नुसता आदळत होता. "नमस्कार, मी मालविकाताईंकडून मोहना बोलतेय," एवढे म्हणताना तिची जीभ दोनदा अडखळली. पण हळूहळू तिचा आवाज स्थिरावला. नागपूरच्या आजींना आणि सुरतेच्या कॉलेजातल्या मुलींना ती सारख्याच आपुलकीने समजावून सांगू लागली. खोक्यातून बाहेर आल्याचे मला सार्थक वाटे.

घराला मात्र हे काम दिसत नव्हते. ती कोणाशी बोलत असली की नेमकी बेल वाजे. दारात शेजारच्या हंसाबेन उभ्या. "मोहनाबेन, घरे ज छो ने? मारुं कुरियर लई लेजो ने!" घरीच आहात, तर माझे कुरियर घेऊन ठेवा, असे त्यांचे म्हणणे. तेवढ्यात वामनरावांचा टीव्ही गडगडे आणि त्याच्यावर ताण करून ते हाक मारत, "मोहना, चहा!"

एक दिवस मालविकाताई म्हणाल्या, "मोहना, तुमचं काम छान आहे. पण लोक मला विचारतात, मागे कोण भांडतंय? शांत जागा मिळत नसेल, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"मी करते काहीतरी, ताई," मोहना म्हणाली. मग तिने मला काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ माझ्या गादीवर अंगठा फिरवत राहिली. सासऱ्यांना टीव्ही हळू करा म्हणायचे कसे? कानाचे यंत्र घ्या म्हटले तरी ते उखडत. "मी काय एवढा म्हातारा झालोय?"

त्याच आठवड्यात वामनरावांच्या बहिणीचा, उषाताईंचा लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल आला. नेहमीप्रमाणे वामनराव "काय? काय म्हणतेस?" करू लागले. मोहनाने मला उचलले, त्यांच्या डोक्यावर बसवले आणि आवाज वाढवला.

वामनरावांनी दोन्ही हातांनी मला कानांवर दाबून धरले. मग म्हणाले, "उषा, अगं, तुझा आवाज अजून तस्साच आहे!"

"दादा, ऐकू येतंय तुला? मी रोज घसा फोडून ओरडते रे!"

फोन संपला तरी त्यांनी मला काढले नाही. सुनेकडे पाहून त्यांनी विचारले, "मीही रोज असाच ओरडतो का गं?"

मोहना म्हणाली, "हो बाबा. थोडं."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी टीव्ही लागलाच नाही. तेव्हापासून मोहनाच्या जेवणाच्या सुट्टीत मी वामनरावांचा झालो. ते रोज उषाताईंशी पोटभर गप्पा मारू लागले.

अशाच एका दुपारी मोहना खाली भाजी घ्यायला गेली होती. वामनरावांच्या गप्पा नुकत्याच संपल्या होत्या, तोच लॅपटॉपवर कॉल वाजला. त्यांनी जरा घाबरतच हिरवे बटण दाबले.

"मोहना, ऐका," मालविकाताई घाईत होत्या, "भट्टीच्या खोलीत वायरी जळल्यात. उद्याचा वर्ग होणार नाही. धुळ्याच्या बायका आजच्याच बसने निघतायत, त्यांना थांबवायला हवं!"

"मोहना जेवणाच्या सुट्टीवर आहेत," वामनराव म्हणाले. "मी त्यांचा सासरा. उद्याचा वर्ग रद्द, धुळ्याच्या बायकांना थांबवायचं. बरोबर? सांगतो लगेच."

कॉल चालूच ठेवून, मला टेबलावर काढून ते उठले, गॅलरीत गेले आणि त्यांनी अशी हाक मारली की टेबलावर मी हादरलो. "मोहनाऽऽ! तुझ्या ऑफिसचा फोन!"

रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्यानेही वर पाहिले. मोहना धावत जिना चढून आली. वामनरावांनी निरोप सांगतच तिच्यासाठी खुर्ची सरकवली आणि मला स्वतः तिच्या हातात दिले. ती एकेकीला फोन लावू लागली. दोघी घरीच भेटल्या. तिसरी उचलेना. चौथी बसस्थानकावर पिशव्या घेऊन उभी होती आणि तिसरी तिच्या शेजारीच होती! "बरं झालं बाई, वेळेवर कळवलंत," असे शब्द माझ्यातून मोहनाच्या कानात पडले आणि तिने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बेल वाजली. दार वामनरावांनी उघडले. हंसाबेन काही बोलण्याआधीच ते हळू आवाजात म्हणाले, "हमणां नहीं, बेन. मोहना काम पर छे."

आत्ता नाही, ती कामावर आहे, हे सासऱ्यांच्या तोंडून ऐकून मोहना वळून पाहतच राहिली. पुढच्या फोनवर तिचा आवाज किंचित भरून आला होता. माईकच्या इतक्या जवळ असल्यामुळे ते मला कळले.

संध्याकाळी मालविकाताई हसत म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांची हाक मला इथे ऐकू आली हो. आता दुसरं कुणी बघायचं नाही. काम तुमचंच."

मित्रांनो, आता मोहनाने स्वतःच्या कमाईतून नवा हेडफोन घेतला आहे आणि मला वामनरावांच्या खोलीत जागा मिळाली आहे. कानाच्या डॉक्टरांकडे जायलाही ते तयार झाले आहेत. त्यांची वेळ मोहनानेच ठरवली. यंत्र आले की माझी गरज कमी होईल, पण त्याचे मला दुःख नाही.

तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. माझ्यासारख्याला वापरून झाल्यावर वायरीने ओढू नका, सैल गुंडाळून ठेवा. आणि तुमच्या घरात आई, ताई किंवा वहिनी कानाला हेडफोन लावून बसली असेल, तर लांबून हाका मारू नका. जवळ जा, तिचे बोलणे संपेपर्यंत थांबा. ती घरात दिसत असली, तरी ती कामावर आहे.