बोहनीची नोट

गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता आरमोरीच्या बाजारात शमीमने रंभाला हिरव्या बांगड्या भरल्या, तिच्याकडून एक रुपयाची नोट घेतली आणि टोपलीतल्या प्रत्येक माळेवर त्या नोटेने हलकेच टपटप मारले. मारताना ती तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती. हे आसपासच्या बायकांनी पाहिले. त्याच संध्याकाळी रंभाला थंडी वाजून ताप भरला.

पुढच्या गुरुवारी शमीमसमोर एकाही बाईने हात पुढे केला नाही.

शमीम मोलमीनची. बर्मातल्या त्या बंदरात तिच्या आईचे दुकान होते. दिवसभर धंदा चांगला व्हावा म्हणून पहिल्या विक्रीची नोट मालावर मारल्याशिवाय तिथली बाई दुसरे गिऱ्हाईक घेत नसे. आरमोरीचा इब्राहीम मणियार धंद्यासाठी तिथे गेला, तिच्याशी निकाह करून राहिला आणि लढाया संपेनात तेव्हा १९५३ साली तिला घेऊन गावी परतला. वर्षभरात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. एका हाताने बांगड्या भरता येत नाहीत, म्हणून बाजारातल्या घराण्याच्या जागेवर ती बसू लागली.

दोन वर्षांत तिने बरेच काही सोडले होते. लुंगी सोडली, दिरासमोर चिरूट ओढणे सोडले, मासळीची आंबवलेली चटणी सोडली, कारण वासाने शेजार उठला. पावसाळ्यात बाजारात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब दिसले, तेव्हा ती त्या ढिगापाशी बराच वेळ उभी राहिली. पण तेही इथे वेगळेच शिजवतात. बांगड्या भरल्यावर बायका वाकून नमस्कार करतात, तेव्हा पाय मागे घ्यायचे नाहीत, हे ती शिकली. शिकायचे संपत नव्हते.

त्या गुरुवारी बाजार उठल्यावर धाकटा दीर जाफर आला. शमीमला बाजारातली बोलीच तेवढी येत होती, म्हणून तोही तिच्याशी तीच बोले.

"भाभी, पुढच्या बाजारी असंच झालं त जागा पत्रूले देतो. कंगवे विकतो म्हणते तो."

"जागा तुह्या भावाची बी हाय," शमीम म्हणाली.

"भावाची हाय. तुह्या नोटची नाई."

घरात नवरा-बायको बर्मीत बोलत. इब्राहीम म्हणाला, "ती नोट मारू नकोस. इथे चालत नाही."

"इथे काय चालते, ते एकदाच सांगून टाका."

इब्राहीमने कूस बदलली.

रविवारी गावातल्या रामाजीच्या घरून बोलावणे आले. त्याच्या मुलीचे, कमळाचे लग्न होते. त्या घरातल्या नवऱ्या मुलींना चुडा भरायचा मान इब्राहीमच्या घराण्याचा, आणि रामाजीच्या बायकोने, सुगंधाबाईने तो मोडला नव्हता. इब्राहीम काठी टेकत बरोबर गेला आणि दारापाशी बसला.

अंगणात बायका जमल्या होत्या. कमळा पाटावर बसली, पण हात तिने पदरातच ठेवले.

"हात नको देऊ व पोरी," तिची म्हातारी आत्या कलाबाई म्हणाली. "या रंभीले पाह्य ना. कशी वाळून गेली."

रंभा भिंतीला टेकून बसली होती. "मले हिव त दरसाली येते, आत्या. तवा कोणती बर्मावाली होती?"

"दरसाली तू अंगणात झोपते. यंदा मच्छरदानी लावली म्हणत होती."

"मच्छरदानी? माह्या घरी? नवऱ्याले धोतर नाई."

बायका हसल्या. सुगंधाबाई हसली नाही. "हात दे, कमळे," ती म्हणाली.

शमीमने कमळाचा हात मांडीवर घेतला, अंगठ्याचे मूळ दाबून हाडे सैल केली आणि एकेक बांगडी चढवली. नवरीच्या हातात बांगडी फुटली तर पुढचे काही बोलायला नको, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. एकही फुटली नाही. कमळा वाकली. शमीमने पाय जागीच ठेवले.

सुगंधाबाईने सुपात तांदूळ आणि वर रुपयाची नोट आणली. सूप हातातच धरून तिने विचारले, "सकाळपासून हे पयलं गिऱ्हाईक काय?"

"पयलं."

"मंग खरं सांग. आता बाजारी बसशील त बोहनीच्या नोटचं काय करशील?"

दारापाशी इब्राहीमने मान हलवली. नाही म्हण, असे तो सांगत होता. शमीमने ते पाहिले.

"मारीन," ती म्हणाली. "माह्या मायची रीत हाय. करणी नाई. बाकी सारं सोडलं मी."

"पाह्य, कबूल करून राह्यली," कलाबाई म्हणाली.

सुगंधाबाईने सूप शमीमच्या पुढ्यात ठेवले आणि ती आत गेली. बाजाराबद्दल ती काही बोलली नाही.

गुरुवारी आठ वाजता शमीमने चटई अंथरून टोपली मांडली. मागे झाडाखाली जाफर उभा होता, आणि कंगव्यांचे गाठोडे घेऊन पत्रू. रंभा येऊन बोलून गेली. तिचे हात भरलेलेच होते. नवाच्या सुमाराला सुगंधाबाई बाजारात शिरली. कामात फुटून तिच्या हातात दोन-दोनच बांगड्या उरल्या होत्या. बांगडीवाल्यांच्या रांगेच्या तोंडाशी चिंचेचा ढीग होता, तिथे ती थांबली.

साडेनऊ वाजले तरी ती चिंचेचाच भाव करत होती. शमीमची बोहनी अजून झालेली नव्हती, आणि पत्रू गाठोडे घेऊन झाडाखालीच उभा होता.