गव्हाण आणि टाकी यांच्यामध्ये

डॉक्टरीणबाईंनी गायीच्या डाव्या कुशीवरचे केस वस्तऱ्याने साफ केले, कातडीवर बोटाने एक उभी रेघ ओढून पाहिली आणि मग दोघा भावांकडे वळल्या.

"एकजण पुढे या. पोटाची कड धरून ठेवायची आहे. हातातून सुटली तर आतलं सगळं भलतीकडे सांडेल."

थोरला पुढे झाला. धाकटा शेपटीपाशी होता तिथेच उभा राहिला. तीच त्याची जागा होती.

या गोठ्यातली कामाची वाटणी फार जुनी. थोरल्याकडे चारा, म्हणजे खड्ड्यात मुरवलेला मुरघास, वाळक्या कडब्याची कुट्टी, पेंड आणि ते सगळं कापून कालवणारं मशीन. धाकट्याकडे शेण. ते ओढायचं, टाकीत ढकलायचं, पाणी घालून पातळ करायचं आणि पंपाने शेतात पोचवायचं. एक गायीच्या तोंडाशी, दुसरा शेपटीशी. आसपासचे लोक त्यांना गव्हाणवाला आणि टाकीवाला म्हणत, आणि दोघांनाही त्यात वावगं वाटत नसे. मग एकाच वर्षी मशीनची पाती बोथट झाली आणि पंपानेही मान टाकली. दुधाच्या पैशात दोन्हीपैकी एकच नवं आलं असतं. थोरला म्हणाला, गाईंच्या पोटात धड काही गेलं नाही तर तुझा पंप उपसणार काय? धाकटा म्हणाला, टाकी तुंबली तर तुझ्या गाई उभ्या कुठे राहणार? दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर भांडण मिटेना.

शेवटी काहीच घेतलं नाही. थोरला जुनंच मशीन ठोकूनठाकून चालवत राहिला. चाऱ्यातून आलेलं लोखंड अडवणारं त्याचं चुंबक निखळून पडलं होतं, ते त्याने परत बसवलं नाही. धाकट्याने पंपाचा गळका सांधा पिवळ्या वेष्टणाच्या लोखंडी तारेने आवळला. तार तुटली की तो वरून दुसरी गुंडाळायचा. हळूहळू दोघांचं बोलणं बंद झालं आणि निरोप आईमार्फत जाऊ लागले.

आणि आज दुपारी वेल्डर येणार होता, गोठ्याच्या मधोमध लोखंडी पाइपांचा कठडा घालायला. गाई वाटून झाल्या होत्या. उरली होती फक्त ही, जिला आई मालकीण म्हणायची. सगळ्यात थोराड, सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात आडमुठी. तिच्यावरचा हक्क सोडायला कोणीच तयार नव्हतं. परवापासून तिने खाणं सोडलं होतं, पाठीची कमान करून उभी राहायची आणि पाऊल टाकताना कण्हायची. ती गेली असती तर वाटणी सोपी झाली असती. हे दोघांनाही कळत होतं, आणि आपल्याला ते कळलं याचीच दोघांना शरम वाटत होती.

कूस बधिर केली होती. गाय उभीच होती. डॉक्टरीणबाईंनी कातडी उघडली, मग आतला एक पदर, मग पोटाची जाड भिंत, आणि तिची कड चिमट्यांनी बाहेर ओढून थोरल्याच्या हातात दिली. आतून वाफ आली, आणि वाफेबरोबर आंबूस वास. थोरल्याने नकळत खोल श्वास घेतला. मुरघासाचा खड्डा उघडला की हाच वास यायचा.

बाईंचा हात खांद्यापर्यंत आत गेला. गाल गायीच्या बरगडीला टेकला. डोळे मिटून त्या बराच वेळ चाचपत राहिल्या.

"सापडलं. तार आहे. पुढच्या पोटाच्या भिंतीत घुसलीय. पण नुसतं टोक लागतंय, चिमटीत येत नाही." त्यांनी हात बाहेर काढला आणि धाकट्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमचे हात लांब आहेत. या."

"मी?"

"मग काय गाय वळून येईल तुमच्याकडे?"

दारात गरम पाण्याची बादली घेऊन उभ्या असलेल्या आईला एवढ्यातही हसू आलं.

धाकट्याने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि भावाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. इतक्या जवळ ते कित्येक महिन्यांत आले नव्हते. त्याने हात आत घातला.

आधी लागला चाऱ्याचा थर, ओला, दाट, वर तरंगणारा. त्याच्याखाली गरम पाणी. त्याला वाटलं होतं पोट म्हणजे पिशवी असेल, पण ही तर अख्खी खोली होती. कोपर गेलं, दंड गेला, तरी ती संपेना. आणि ती हलत होती. एक जोराची लाट मागून आली, त्याचा हात चाऱ्यासकट उचलून पुढे नेला आणि सावकाश परत आणून सोडला. कोणी मोठ्या माणसाने आपला हात हातात घ्यावा तसं ते होतं. त्याने आयुष्यभर या खोलीतून बाहेर पडलेलं फावड्याने ओढलं होतं. आत असं काही चालतं, हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

"पुढे जा. खाली. मधमाशांच्या पोळ्यासारखी खरखरीत भिंत लागेल."

"लागली."

"आता तळवा तिच्यावर सपाट ठेवा. काय कळतंय?"

धाकटा थांबला. त्याचा चेहरा बदलत गेला.

"ठोके," तो म्हणाला. आवाज इतका हळू निघाला की आईने दारातून विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"हृदय आहे ते," बाई म्हणाल्या. "मध्ये फक्त पातळसा पडदा. तार त्याच दिशेला तोंड करून बसलीय. सरळ मागे ओढा. तिरकी झाली तर पलीकडे जाईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

गोठ्यात कोणी हललं नाही. मालकीणही नाही. धाकट्याने तारेचं टोक चिमटीत धरलं. ठोका पडायचा तेव्हा तार बोटांत थरथरायची. त्याने एक ठोका जाऊ दिला, आणखी एक जाऊ दिला, आणि त्यापुढच्या शांततेत ती मागे घेतली.

हात बाहेर आला. मुठीत बोटभर तार होती. तिच्या एका टोकाला पिवळं वेष्टण अजून चिकटलेलं होतं.

ती कुठली, हे सांगायची गरज नव्हती. पंपाच्या सांध्यावरून तुटून ती टाकीत पडली होती, शेणाबरोबर शेतात गेली होती, मक्याच्या धाटांसोबत उचलली गेली होती, चुंबक नसलेल्या मशीनमधून सुखरूप बाहेर पडून गव्हाणीत आली होती. धाकट्याने एकवार शेताकडे पाहिलं, एकवार मशीनकडे. एवढा मोठा फेरा आपल्या घरात रोज चालत होता, आणि त्याचे दोन तुकडे करायला आपण निघालो होतो.

थोरल्यानेही पिवळं वेष्टण पाहिलं होतं. भांडण जिंकायला याहून सोपी संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती. तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला,

"शिवायच्या आधी मी एकदा हात घालू का?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "घाला. पण लवकर."

आता कड धाकट्याने धरली. थोरल्याचा हात कोपराच्या वर आत गेला आणि तिथेच राहिला. बोटांना मक्याचे तुकडे लागले, त्यानेच कापलेले. बोथट पात्यांमुळे ते लांबच राहिले होते. ते मऊ पडत होते, फुगत होते, दुसरंच काहीतरी होत होते. इतकी वर्षं तो टोपलीने मोजून घालत आला होता, आणि रिकामी गव्हाण दिसली की आपलं काम झालं असं समजत होता. लाट आली आणि त्याचा हात उचलून घेऊन गेली. त्याचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने ते तसेच वाहू दिले.

"चुंबक बसवलं असतं तर तार मशीनवरच अडकली असती," तो गायीच्या बरगडीकडे बघत म्हणाला.

"तार माझी आहे," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे."

बाईंनी बोटाएवढं एक गुळगुळीत चुंबक आत सोडलं. ते आता जन्मभर आतच राहील आणि पुढे काही लोखंड गेलं तर धरून ठेवेल, असं सांगितलं, आणि पोट शिवायला घेतलं. आईला इतक्या वेळाने आठवलं की बादली आपल्या हातातच आहे.

शेवटचा टाका पडून बाई हात धुवत होत्या, तेवढ्यात वेल्डरची गाडी आली. त्याने पाइप खडखडत खाली टाकले, खिशातून खडू काढला आणि गोठ्याच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"कठडा कुठून कुठपर्यंत घ्यायचा?"

वेल्डरने आईकडे पाहिलं. आईने थोरल्याकडे पाहिलं.

"आधी टाकीवर चल," थोरला म्हणाला. "पंपाचा सांधा फार दिवस गळतोय. यातला एखादा पाइप कापून बसतो का बघ. मग इकडे मशीनला चुंबक बसवायचंय."

"आणि कठडा?"

"तू सांधा तर बघ."

थोरला आणि वेल्डर टाकीकडे गेले. आई डॉक्टरीणबाईंना गाडीपर्यंत सोडायला गेली. गोठ्यात धाकटा आणि मालकीण उरले. तिने मान वर केली, रिकामी गव्हाण हुंगली, जिभेने तळ चाटला आणि त्याच्याकडे पाहिलं. धाकटा पहिल्यांदाच तिच्या तोंडाशी उभा होता. एका बाजूला मुरघासाचा ढीग, एका बाजूला वाळकी कुट्टी, कोपऱ्यात पेंडेचं पोतं. काय उचलावं ते त्याला समजेना. त्याने टाकीच्या दिशेने हाक मारली.

"दादा."

टाकीवरचा ठोकण्याचा आवाज थांबला.

"काय रे?"

"हिला आधी काय देऊ?"

टाकीकडून थोरल्याचा आवाज आला.

"वाळकी कुट्टी दे. थोडीच. आणि हाताने चाचपून दे."

धाकट्याने बाही वर सरकवली आणि कुट्टीत कोपरापर्यंत हात घातला.