पस्तीस टक्क्यांवर

सोमवारपासून ग्रामसभेचा कॉम्प्युटर एकच काम करत होता. चालू केला की अपडेट बसवायला घ्यायचा, पस्तीस टक्क्यांवर अडायचा, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. मग दहा मिनिटं शहाण्यासारखा चालायचा आणि परत तेच.

सुकरी मडावी रोज भाताच्या रोवणीवरून आली की पाय धुऊन त्याच्यासमोर बसायची. बेचाळीस वर्षांची ही बाई पोंभुर्णा तालुक्यातल्या आपल्या गावासाठी रानभाज्यांची यादी टाइप करत होती. दोनशे बारा नोंदी झाल्या होत्या. रविवारी तालुक्याला रानभाज्यांचा मेळावा होता आणि तिथं यादीच्या छापील प्रती न्यायच्या होत्या.

यादीतली निम्मी माहिती जंगूभाऊंची. सत्तरी ओलांडलेले जंगूभाऊ रोज येऊन बाकावर बसायचे, पडद्याकडे बघायचे आणि घरी जायचे.

चंद्रपूरच्या एका दुकानदाराला सुकरीनं फोन केला. तो म्हणाला, "घेऊन या. सगळं पुसून नवीन टाकून देतो."

"सगळं म्हणजे?"

"सगळंच, बाई."

सुकरीनं फोन ठेवला. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. सकाळी तिला नूतन आठवली. नूतन रामटेकेनं तिला पोंभुर्ण्याला कॉम्प्युटर शिकवला होता. आता ती नागभीडला ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवते.

"लाईन कव्हा जाते तुमच्याकडं?" सगळं ऐकून नूतननं आधी विजेचंच विचारलं.

"रोज पाचच्या सुमारास."

"आन् तू कॉम्प्युटर कव्हा लावते?"

"शेतातून आल्यावर. चार वाजता."

"मंग अपडेट अर्धं उतरते न् लाईन जाते. ते अर्धं-खराब आतमंधी पडून हाये. रोज तेच बसवाले पाह्यते. उद्या सकाळी लाव. मी फोनवर राहीन."

दुसऱ्या दिवशी सुकरीनं रोवणीला सुट्टी घेतली. खिडकीच्या गजाजवळ तेवढी रेंज मिळायची, म्हणून मोबाईल तिथंच टेकवला. जंगूभाऊही आले होते.

कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या नूतन म्हणाली, "पह्यले यादी पेनड्राईव्हमंधी घे. मंग बाकीचं." सुकरीनं शाळेतून पेनड्राईव्ह मागून आणला होता. यादी त्यात उतरली आणि तिचे खांदे सैल झाले.

मग नूतननं अपडेटची सेवा थांबवायला लावली, आणि उतरलेल्या फायली जिथं साठतात ते फोल्डर उघडायला सांगितलं. आत कसकसली लांब नावं होती.

"आता आतलं सगळं डिलीट कर."

सुकरीचा हात माऊसवरच थांबला. "यातलं काही लागत असंल तं?"

"लागलं तं तो पुन्हा उतरवते. आपलं काई नाई त्याच्यात."

तिनं डिलीट केलं. सेवा पुन्हा सुरू केली, कॉम्प्युटर बंद करून लावला, आणि अपडेट पहिल्यापासून उतरून बसू लागलं. खूप हळू. तेवढ्या वेळात सुकरीनं चहा करून आणला. दोघं बाकावर बसून पीत राहिली.

"कितीक झालं?" जंगूभाऊंनी विचारलं.

"एकोणतीस."

पस्तीसवर तो थोडा थांबला. सुकरीनं कप खाली ठेवला. मग छत्तीस आलं. जंगूभाऊ पहिल्यांदाच हसले.

एक वाजता कॉम्प्युटर नीट सुरू झाला. सुकरीनं तासभर वाट पाहिली, पण तो परत बंद पडला नाही. नूतनला कळवल्यावर ती म्हणाली, "आता दुपारी चार वाजता अपडेट लावू नको, बस."

सुकरीनं यादी उघडली. दोनशे बाराही नोंदी जागेवर होत्या.

"भाऊ, सात्या राह्यल्या ना?" सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या.

जंगूभाऊंनी सांगायला सुरुवात केली. कोणत्या दिवसांत निघतात, कशा खुडायच्या, रस्सा किती पातळ ठेवायचा. सुकरी शब्द न् शब्द टाइप करत होती. 'कुठे मिळतात' या रकान्याशी आल्यावर मात्र त्यांनी हात आडवा केला.

"जागा नको लिहू," ते म्हणाले. "ते वारूळ माह्या आज्यापासून आमचं हाये."

सुकरी खळखळून हसली. रकान्यात तिनं लिहिलं, 'जंगूभाऊंना विचारावे', आणि दोनशे तेरावी नोंद सेव्ह केली.