शेजारचा कप्पा

कणकवलीच्या त्या खाजगी इस्पितळाच्या लॅबमध्ये सुगंधाने पाडलेला एक शिरस्ता होता. रक्तातली बुरशी शोधायच्या चाचणीच्या किटसोबत पडताळणीचं द्रावण यायचं, पण बाईचा भरवसा आपल्या रक्तावर. रोग्याच्या नमुन्याशेजारच्या कप्प्यात ती हटकून स्वतःच्या रक्ताचा नमुना घाली. बुरशी असली तर कप्पा पिवळा होई, नसली तर कोरा राही, आणि सुगंधाचा कप्पा आजवर कधी पिवळा झाला नव्हता.

तिचा नवरा जितेंद्र वखारीतली बुरसटलेली सुपारी उपसून आला आणि ताप-खोकल्याने आडवा झाला. स्कॅनमध्ये छातीत डाग दिसला. डॉक्टर फ्लाव्हियांची इकडे आड तिकडे विहीर झाली, कारण बुरशीवरचं जहाल औषध जितेंद्रच्या दुबळ्या मूत्रपिंडांना झेपणारं नव्हतं, आणि बुरशीच असेल तर औषधावाचून माणूस हातचा जाणार. सगळं येऊन अडलं त्या एका रक्तचाचणीवर.

सुगंधाने देवाचं नाव घेऊन चाचणी लावली. जितेंद्रचा कप्पा कोरा राहिला आणि तिचा स्वतःचा हळदीसारखा पिवळा झाला.

नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, दुसरं काय! तिने स्वतःला चार शिव्या घातल्या, दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, नळ्यांवरची नावं ओठ हलवत वाचली. तरी तेच. घाबरून तिने आपल्या छातीचं स्कॅन करून घेतलं, तर तिथे काही म्हणता काही नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, भूक तर चांगलीच लागत होती.

डॉक्टरांनी तिला समजावलं, की ही चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. एखाद्या प्रतिजैविकामुळेही ती खोटी बोलते, कधी खरी बुरशी असून गप्प बसते. सुगंधाला हे सगळं पाठ होतं. पण तिने कसलंही औषध घेतलं नव्हतं, आणि तिला काही केल्या उलगडा होईना.

मग तिने एकच बदल केला. जितेंद्रच्या शेजारी लॅबमधल्या सोबतिणीचा, दिव्याचा, नमुना घातला आणि आपला पार दुसऱ्या टोकाला ठेवला. दिव्याने हसत दंड पुढे केला होता.

या खेपेला सुगंधाचा कप्पा कोरा होता. पिवळा झाला तो दिव्याचा.

"किटच बिघडलंय," डॉक्टर म्हणाल्या. "आता याच्या जोरावर मी औषध देणार नाही."

किट बिघडलं तर शेजारचाच कप्पा कसा पिवळा होतो, हे विचारायचं सुगंधाच्या ओठांवर आलं होतं. पण औषध टळलं होतं, आणि जितेंद्रचा ताप उतरू लागला होता. डाग विरला, तो पेज मागून खाऊ लागला. ज्याचा शेवट गोड ते सगळंच गोड, असं म्हणून तिने मन आवरलं.

जितेंद्रला घरी सोडायच्या दिवशी दिव्याचा फोन आला.

"ताई, माका ताप इलो हा. आज येऊक जमाचा नाय." आणि ती खोकली, जितेंद्र आधी खोकायचा तशी, खोल आणि ओली.

हवा बदललीय, सगळ्यांनाच होतंय, असं काहीतरी सुगंधा पुटपुटली. तिला आपली लाज वाटली, कारण सगळ्यात आधी तिच्या मनात आलं ते हेच, की बरं झालं, आपण टोकाला होतो.

घरी जितेंद्र पोटभर जेवला. इतक्या दिवसांनी घर भरलं, म्हणून सुगंधाचे डोळे पाणावले. ती भांडी आवरून खोलीत आली, तर त्याने स्वतःच अंथरूण घातलं होतं, दोन उशा अगदी लागून. तिने आपली उशी उचलून भिंतीकडे सरकवली.

जितेंद्रने ती पुन्हा ओढून जागेवर ठेवली आणि मायेने थोपटली.

"किती दिस एकटोच निजतंय," तो म्हणाला. "ये गो, माज्या बाजूक निज."