तिसऱ्या कॉर्डच्या आधी

माझ्या ठकूला तीन वर्षं पूर्ण झाली तरी तिच्या तोंडून शब्द नव्हता. 'आई'सुद्धा नाही. स्पीच थेरपिस्ट बाईंनी घरी करायला एक गोष्ट दिली. कीबोर्डवर तीन कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन-तीन सूर, शिकायच्या, रोज त्याच क्रमाने वाजवायच्या. दोन झाल्या की तिसरीच्या आधी थांबायचं.

"ती जागा पोरगी स्वतः भरेल," बाई म्हणाल्या. "पण मध्येच काही बदलू नका हं. पुढे काय येणार ते तिला पक्कं माहीत हवं."

कीबोर्ड माझ्या नणंदेचा. ती मुलांना शिकवते, म्हणून तिनेच मला फोनवरून समजावलं. "वहिनी, काळ्या पट्ट्यांची जोडी दिसली ना? तिथला सा. एक पांढरी दाब, एक सोड, एक दाब, एक सोड, एक दाब. झाली कॉर्ड. ही शेवटी घ्यायची, म्हणजे घरी आल्यासारखं वाटतं."

मी पट्ट्यांवर रंगीत गोल स्टिकर लावले. एवढी शिकलेली मी, पण बोटं म्हणजे लाकूड. मधलं बोट दाबायला जावं तर शेजारचंही आपसूक खाली जायचं. एका कॉर्डवरून दुसरीवर जाईपर्यंत ठकू उठून खिडकीशी जायची. तरी रोज जेवण झालं की मी बसायचे. तेविसाव्या दिवशी दोन कॉर्ड वाजवून थांबले, आणि ठकूने ओठ मिटून आवाज काढला. "म्म्म." पुढचे चार दिवसही काढला. मी सगळ्यांना फोन केले. सोमवारी थेरपिस्ट बाई त्यांच्या कीबोर्डवर तेच वाजवून बघणार होत्या.

रविवारी नणंद मुद्दाम ऐकायला आली. मी दोन कॉर्ड वाजवल्या, ठकूने "म्म्म" केलं, मी तिसरी दाबली. नणंद हसता हसता थांबली.

"वहिनी, ही तर रडकी कॉर्ड. तुझा सा कुठाय?"

मी लाल स्टिकर दाखवला.

"अगं, हा दोन काळ्यांच्या मधला. सा डावीकडचा. तू सगळंच एक घर पुढे सरकवलंयस."

"तूच म्हणालीस, काळ्यांची जोडी."

"जोडीच्या आधी गं. बोलले नाही का मी? नसेन बोलले. मी रोज दहा पोरांना सांगते, मला वाटलं तुला कळेल." तिने कपाळाला हात लावला. "चांगलाच घोळ घातला आपण."

उद्या बाई बरोबर वाजवणार. म्हणून आम्ही स्टिकर उचकटून एकेक पट्टी डावीकडे लावले. मी दोन कॉर्ड वाजवल्या, थांबले. ठकूने माझ्याकडे पाहिलं, मग बोटांकडे. गप्प. मी पुन्हा वाजवल्या. पाच वेळा.

"आहे तेच राहू दे," नवरा दारातून म्हणाला. "कॉर्ड रडकी तर रडकी. बाईंना सांगू, हीच वाजवा."

स्टिकर पुन्हा उजवीकडे. तोवर त्यांचा चिकटपणा गेला होता, दोन गळून पडले. मी जुन्याच चुकीच्या दोन कॉर्ड वाजवल्या आणि थांबले. ठकू आता माझ्या बोटांवरून नजरच हलवत नव्हती. पुढे काय येईल याचा तिला भरवसा राहिला नव्हता, आणि तो घालवला होता मी.

"वहिनी, पुरे कर. दमलीय ती."

"एकदाच."

पुन्हा दोन वाजवल्या. यावेळी मला राहवलं नाही. तिने जो सूर काढला असता तो मीच ओठ मिटून काढला, "म्म्म," ऐकून तरी करील म्हणून.

ठकू गुडघ्यांवर पुढे आली आणि तिने आपला तळवा माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट. मी श्वास नाकाने घेत तशीच बसून राहिले. तिचा हात बाजूला करायचं धाडस मला होईना.