फियाटची खालची बाजू

बाळाला मी त्या दसऱ्याला मारलं नाही, एवढंच माझं कौतुक करा. बाळा म्हणजे माझा मेहुणा, भांडुपच्या आमच्या गॅरेजातला भागीदार. माणूस चांगला आहे, डोकं वापरत नाही इतकंच.

पंच्याऐंशी साली मुलुंडच्या श्यामसुंदर वकिलांची जुनी फियाट आमच्याकडे आली. त्यांना ती कारखान्यातून निघाली तशीच हवी होती, अगदी खालूनसुद्धा. वरचं रंगकाम कोणीही करतो. खालचं ठाऊक होतं माझ्या बाबांना. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्याच कारखान्यातल्या खड्ड्यात उभं राहून, मान वर करून, गाड्यांच्या पोटाला तांबडा प्रायमर मारला. वरचा रंग मारणाऱ्यांचे फोटो निघायचे. खड्ड्यात कोणी वाकूनसुद्धा बघितलं नाही. याचा राग माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे.

बाळा गणपतीला गावी गेला होता, तेव्हा मी काम काढलं. बाबांचा हात तोवर थरथरायला लागला होता, म्हणून ते वर स्टुलावर बसून सांगत गेले आणि मी खाली गॅरेजच्या खड्ड्यात रंग मारत गेलो. तांबडा सगळीकडे सारखा नको. कडेला वरच्या निळ्या रंगाचा धुरळा उडालेला दिसू दे, तो झाकत बसायला तिथे कोणाला वेळ नसायचा. बाबा डावखुरे, म्हणून मीही स्प्रे गन डाव्या हातात धरली. मागच्या चाकापाशी त्यांचा हात अवघडायचा आणि ओघळ यायचा. तोही मी आणला. गुडघ्यांमुळे त्यांना खड्ड्यात उतरवत नव्हतं. दसऱ्याला गाडी जायच्या आधी, बाळा परत आला की, त्याने आणि मी धरून त्यांना उतरवायचं असं मी ठरवलं. कारखान्याबाहेर आपला हात त्यांना एकदा बघायचा होता.

दसऱ्याला निघणाऱ्या गाडीला आमच्याकडे झेंडूचा हार आणि खालून काळ्या डांबरी रंगाचा एक हात फुकट असतो. ही रीत बाळानेच पाडलेली. सकाळी मी हार आणायला गेलो आणि आदल्या रात्रीच गावाहून परतलेल्या बाळाने खाली बघितलं. ओघळ, डाग, निळा धुरळा. भावोजींचं काम बिघडलं, वकिलांसमोर लाज जाईल, असं त्याला वाटलं. मी आलो तेव्हा तो हात पुसत हसत होता, आणि फियाट खालून तव्यासारखी काळी होती.

मी तोंडाला येईल ते बोललो. विचारायचं नाही? इतके दिवस मी इथे झक मारत होतो? बाळाचा चेहरा पडला. तेवढ्यात इस्त्रीचा सदरा घालून बाबा आले. कसंबसं त्यांना खाली उतरवलं. त्यांनी बॅटरीचा उजेड वर फिरवला आणि हसले.

"ऱ्हवांदे रे जयवंता," ते म्हणाले. "त्याला कशाला बोलतोस? गाडी कारखान्यातून निघाली की लोक पावसाआधी काळं मारूनच घ्यायचे. रस्त्यात आमची गाडी दिसली की मी वाकून बघायचो. कारखान्याबाहेर माझा हात मला कधी दिसलाच नाही."

ते समजूत घालत होते, पण मी आणखीच पेटलो. बाहेर वकील पेढे घेऊन उभे होते. गाडी आज मिळणार नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. घासलेटचा डबा खाली नेला, एक फडकं बाळाच्या अंगावर फेकलं आणि दुसऱ्याने मी घासायला लागलो.

मागच्या चाकापाशी काळं सुटलं. आधी तांबडं दिसलं, मग तो ओघळ. बाबा बॅटरी धरून बघत राहिले. मग ती त्यांनी बाळाच्या हातात दिली आणि थरथरणारा डावा हात माझ्यापुढे केला.

"फडकं दे इकडे," ते म्हणाले.