न उघडता जाऊ दिलेलं

चिन्मयी तेव्हा पाच महिन्यांची होती. बाळंतपणाच्या सुटीवरून हिंगण्याच्या कारखान्यात, आयटी विभागात परतून मला जेमतेम आठवडा झाला होता.

आमच्या इंटरनेटच्या वाटेवर एक प्रॉक्सी आहे, तपासनाक्यासारखा सर्व्हर. येणारं प्रत्येक सीलबंद पाकीट ती उघडते, आत काही वाईट नाही ना बघते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवते. त्या दुपारी बऱ्याच साइट्स एकाएकी उघडेनात. त्यांनी एन्क्रिप्शनची नवी आवृत्ती घेतली होती. आमच्या जुन्या प्रॉक्सीला ती कळेना, आणि जे कळत नाही ते ती तोडून टाकत होती.

उपाय मला ठाऊक होता. प्रॉक्सी अपडेट करायची. तासाभराचं काम, तेवढा वेळ सगळ्यांचं नेट बंद. पाच वाजून गेलेले. साडेपाचची कंपनीची बस. ओढणीखाली कुर्ता ओला झालेला, आणि घरी सासूबाईंच्या मांडीवर माझी लेक, बाटलीला तोंड न लावणारी. मी सेटिंगमध्ये एक खूण केली: जे उघडता येत नाही, ते तसंच जाऊ द्या. सगळं सुरू झालं. बस मिळाली. अपडेट उद्या करू म्हटलं.

तो उद्या चार महिने आला नाही. दर सोमवारी अहवालात ‘धोके: शून्य’ यायचं. प्रॉक्सी बघतच नव्हती, तर दिसणार काय? मॅनेजर संजीव सरांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. तेही मी घेतलं.

मग स्टोअरमधल्या शालिकरामभाऊंनी बिल समजून एक फाइल उघडली, आणि स्टोअरच्या सगळ्या नोंदी लॉक झाल्या.

“प्रॉक्सीचा अहवाल स्वच्छ आहे, म्हणजे माणसाचीच चूक,” सर म्हणाले. त्या खुणेचं मी सांगितलं नाही. भाऊंनी शुक्रवारपर्यंत चूक लिहून द्यायची, मग त्यांना ठेवायचं की नाही ते ठरणार होतं.

“काय पाहून राहिले होते गा, या वयात?” कॅन्टीनमध्ये सोबतच्या कवडूनं विचारलं. सगळे हसले. भाऊही हसले, ताटाकडे बघत.

गुरुवारी ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, बरोबर लिहिलं का पाहा. माझ्यापायी तुम्हाले उशिरापर्यंत थांबा लागून राहिलं. लहान पोरगी घरी.”

कागदावर होतं: माझ्या अज्ञानामुळे.

मी त्यांना घेऊनच सरांकडे गेले. सेटिंगची नोंद उघडून दाखवली; ती फाइल त्याच वाटेनं न तपासता आत आली होती. माझं नाव, तारीख, पाच वाजून सतरा मिनिटं.

“चार महिने?” सरांनी विचारलं. “आणि हे आज सांगताय.”

माझं काय करायचं ते सोमवारी कळवणार होते. भाऊंचा कागद त्यांनी परत दिला.

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. भाऊ ‘जाऊ द्या’ म्हणतील असं वाटलं होतं.

“चार दिवस झाले, काजल मले शिकवून राहिली,” ते म्हणाले. “माझी पोरगी. बाबा, इथं दाबायचं नाही, तिथं दाबायचं नाही. मी हो हो म्हणून राहिलो तिले.”

“मी फोन करून सांगते तिला.”

“फोनवर नको. रविवारी घरी या. तिच्यासमोर सांगा.”

रविवारी निघताना चिन्मयी हात पसरून यायला बघत होती. तिला कडेवर घेतलं असतं, तर त्या घरात मला कुणी फार बोललं नसतं. तिचा पापा घेतला, सासूबाईंकडे दिली आणि एकटीच गेले.